विश्लेषण : बंदुकीची दारू किती वर्षे टिकते? आल्फ्रेड नोबेल यांना आयुष्यभर छळलेला प्रश्न

अमेरिकेत आणि युरोपातील काही देशांत नेमबाज आणि शिकारी वापरलेली काडतुसे घरच्या घरी पुन्हा भरतात. त्यासाठी चार जिन्नस लागतात : रिकामी पितळी नळी, तिच्या बुडाशी बसणारी टोपी, दारू आणि गोळी. भाव चढायच्या आधी लोक साठा करून ठेवतात आणि मग पंधरा-वीस वर्षांनी फडताळाच्या मागून एखादा डबा निघतो. हा माल अजून चालेल का? डब्यावर औषधाच्या पाकिटासारखी मुदत छापलेली नसते. या प्रश्नाचे बरेचसे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडते. त्यांचे नाव जग दरवर्षी ऑक्टोबरमध्ये पुरस्कारांच्या निमित्ताने घेते. आल्फ्रेड नोबेल यांचा बहुतेक काळ मात्र एकाच अडचणीशी झगडण्यात गेला. स्फोटक बनवणे त्यांना लवकर जमले. ते साठवून, वाहून नेऊन, हव्या त्या दिवशी हवे तसे वापरता येणे ही खरी डोकेदुखी होती.

जुनी काळी दारू टिकायची, मग अडचण कुठे आली?

सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू म्हणजे निव्वळ मिश्रण. ठिणगी पडेपर्यंत तिन्ही घटक एकमेकांशेजारी स्वस्थ पडून राहतात. तिचा शत्रू एकच, ओल. म्हणून तर आपल्या किल्ल्यांवर दारूकोठारे जाड दगडी भिंतींची आणि वस्तीपासून बाजूला बांधलेली दिसतात. कोरडी राहिली तर काळी दारू पिढ्यान् पिढ्या टिकते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हे चित्र बदलले. १८४६ मध्ये शोनबाइन यांनी कापसावर आम्लांची प्रक्रिया करून गनकॉटन, म्हणजे नायट्रोसेल्युलोज तयार केले. १८४७ मध्ये इटलीतील तुरिन येथे आस्कानियो सोब्रेरो यांनी नायट्रोग्लिसरीन बनवले. या दोन्ही पदार्थांत इंधन आणि ऑक्सिजन एकाच रेणूत कोंबलेले असतात, म्हणून त्यांची ताकद प्रचंड. पण हे बंध कच्चे असतात. पदार्थ तयार झाला त्या दिवसापासून ते अगदी हळूहळू तुटत राहतात आणि त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. ही ऑक्साइडे व त्यांच्यापासून होणारे आम्ल उरलेल्या पदार्थाचे विघटन आणखी वेगाने घडवतात. व्याजावर व्याज चढावे तसा हा प्रकार आहे. सुरुवातीची वर्षे काहीच जाणवत नाही, शेवटी मात्र सगळे झपाट्याने होते. आत उष्णता साचली तर ढीग आपोआप पेटतो. गनकॉटन बनवणारे इंग्लंडमधील फेव्हरशॅमचे कारखाने १८४७ मध्ये असेच उडाले आणि अनेक देशांनी त्याचा नाद सोडला.

नोबेल या धंद्यात कसे आले?

जन्म २१ ऑक्टोबर १८३३, स्टॉकहोम. वडील इमॅन्युएल हे कल्पक अभियंते, पण पैशाच्या व्यवहारात कायम अडचणीत. आल्फ्रेड जन्मले त्याच वर्षी वडिलांचे दिवाळे निघाले. पुढे ते रशियात गेले, सेंट पीटर्सबर्गमध्ये झारच्या सैन्यासाठी समुद्री सुरुंग बनवू लागले आणि १८४२ मध्ये कुटुंबाला त्यांनी तिकडे बोलावून घेतले. मुलांना शाळेत न घालता घरी शिक्षक ठेवले होते. त्यांपैकी निकोलाय झिनिन या रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोग्लिसरीनचा थेंब ऐरणीवर टाकून हातोडा मारून दाखवला. जिथे हातोडा पडला तेवढाच भाग उडाला, बाकीचा तसाच राहिला. ताकद आहे, पण ती हुकमी नाही, हे त्या प्रयोगात दिसले.

तरुण आल्फ्रेड पॅरिसला पेलूझ यांच्या प्रयोगशाळेतही राहून आले. सोब्रेरोही याच पेलूझ यांचे विद्यार्थी. सोब्रेरो स्वतःच्या शोधाला घाबरून होते, व्यवहारात तो वापरता येईल असे त्यांना वाटत नव्हते. क्रिमियाचे युद्ध संपले, रशियाच्या मागण्या आटल्या, वडिलांचा कारखाना पुन्हा बुडाला आणि इमॅन्युएल स्वीडनला परतले. कर्जातून वर यायला आता काहीतरी नवे हवे होते.

१८६३ च्या सुमारास आल्फ्रेड यांना वाट सापडली. नायट्रोग्लिसरीन नुसते पेटवून भरवशाने उडत नाही. त्याला आधी एका छोट्या स्फोटाचा जोरदार धक्का द्यावा लागतो. सुरुवातीला त्यासाठी काळी दारू वापरली, नंतर मर्क्युरी फुल्मिनेट भरलेली धातूची टोपी आली. डिटोनेटर म्हणतात तो हाच. अनेक अभ्यासक डायनामाइटपेक्षा या टोपीला नोबेल यांचा मोठा शोध मानतात आणि ते पटण्यासारखे आहे, कारण पुढची सगळी स्फोटके तिच्याच जोरावर चालली.

३ सप्टेंबर १८६४ रोजी काय घडले?

स्टॉकहोमच्या हेलेनेबोर्ग भागात नोबेल कुटुंबाने एक छोटी प्रयोगशाळा थाटली होती. त्या दिवशी तिथे स्फोट झाला आणि पाच जण दगावले. त्यांत आल्फ्रेड यांचा सर्वांत धाकटा भाऊ एमिल होता. वय अवघे वीस. काही आठवड्यांतच वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यातून ते पूर्ण सावरले नाहीत. शहराने वस्तीत हे काम करायला बंदी घातली. आल्फ्रेड यांनी मालारेन सरोवरात नांगरलेल्या तराफ्यावर उत्पादन सुरू ठेवले. त्याच वर्षाअखेर कंपनी स्थापन झाली. धाकट्या भावाच्या मृत्यूनंतर इतक्या लवकर पुन्हा तेच काम हाती घेणारा माणूस निष्ठुर म्हणावा की हट्टी? त्यांच्या पुढच्या तीस वर्षांकडे पाहिले तर हा अपघात त्यांच्या मनातून गेला नव्हता असेच वाटते. ज्या त्रुटीने माणसे मरतात ती शोधून काढण्यात त्यांचा जेवढा वेळ गेला, तेवढा स्फोटाची ताकद वाढवण्यात गेला नाही.

जगभर डबे का फुटू लागले?

नायट्रोग्लिसरीनला खाणी, रेल्वे आणि बोगद्यांच्या कामांतून प्रचंड मागणी होती. हॅम्बुर्गजवळ क्रुमेल येथे कारखाना उभा राहिला आणि तेथून पत्र्याच्या डब्यांत भरलेले तेल जहाजांनी अमेरिकेपर्यंत जाऊ लागले. एप्रिल १८६६ मध्ये पनामाच्या किनाऱ्यावर अ‍ॅस्पिनवॉल बंदरात युरोपियन नावाचे जहाज उडाले. त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोत वेल्स फार्गो कंपनीच्या कचेरीत एक गळकी पेटी फुटून इमारत कोसळली आणि पंधराच्या आसपास माणसे मेली. खुद्द क्रुमेलचा कारखानाही त्याच वर्षी उडाला. नोबेल तेव्हा अमेरिकेत होते. आपला माल नीट हाताळला तर सुरक्षित आहे, हे ते लोकांना पटवू पाहत होते आणि वर्तमानपत्रांत मात्र रोज नवी बातमी येत होती.

यात हाताळणीचा दोष होताच. हे तेल दिसायला साधे असते. गळणारे डबे कुणीही उचलत, आपटत, फोडत. त्याच्या मुळाशी साठवणुकीचे रसायनशास्त्रही होते. नायट्रोग्लिसरीन आम्लांच्या मिश्रणात तयार होते आणि ते आम्ल धुऊन पूर्ण काढले नाही, तर उरलेला अंश आतल्या आत विघटन वाढवतो. वायू तयार होतात, बंद डब्यात दाब चढतो, पत्रा गंजतो, तेल झिरपते. लांबचा प्रवास, उष्ण कटिबंध, जहाजाच्या पोटातली गरम कोठडी. कारखान्यातून निघालेला माल आणि बंदरात उतरणारा माल एकच राहत नव्हता.

डायनामाइटने हा प्रश्न सुटला का?

बराचसा. क्रुमेलच्या परिसरात कीझेलगुर नावाची पांढुरकी, सच्छिद्र माती मिळते. सूक्ष्म जलचरांच्या सांगाड्यांची ही माती स्वतःच्या वजनाच्या तिप्पट तेल शोषून घेते आणि तरी कोरड्या पिठासारखी राहते. १८६७ मध्ये नोबेल यांनी या मिश्रणाचे पेटंट घेतले आणि त्याला डायनामाइट नाव दिले. आता गळती थांबली, कांड्या करता येऊ लागल्या, हादऱ्याची भीती कमी झाली. अशा कांड्यांमध्ये थोडा सोडा किंवा खडूची पूड घालण्याची पद्धत पडली. साचणारे आम्ल तिथल्या तिथे मारायचे, एवढाच हेतू. पोटातल्या अ‍ॅसिडिटीवर आपण जे करतो तेच.

पण जुने डायनामाइट घाम गाळते. पाणी लागले की ते मातीतून तेलाला हुसकावून स्वतः जागा घेते आणि कांडीच्या अंगावर नायट्रोग्लिसरीनचे थेंब येतात. शिवाय साधारण १३ अंशांखाली ते गोठते. थंड देशांत गोठलेल्या कांड्या शेकोटीजवळ ऊब द्यायला ठेवणारे खाणकामगार कितीतरी मेले. यावर नोबेल यांनी १८७५ मध्ये पुढची पायरी गाठली. जखमेवर लावायचे कोलोडियन म्हणजे विरघळवलेले नायट्रोसेल्युलोज. ते थोड्या प्रमाणात नायट्रोग्लिसरीनमध्ये मिसळले की जेली तयार होते, जिच्यातून पाणी तेल काढू शकत नाही. दोन धोकादायक पदार्थ एकत्र आल्यावर वागायला अधिक शहाणे झाले. आजच्या बंदुकीच्या दारूचे बीज याच जेलीत आहे.

बॅलिस्टाइट आणि कापराची भानगड काय होती?

बंदुकीत डायनामाइट चालत नाही, नळीच फुटेल. तिथे क्षणार्धात पण टप्प्याटप्प्याने जळणारी, धूर न करणारी दारू हवी होती. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिए यांनी नायट्रोसेल्युलोज विरघळवून, त्याचे पापुद्रे करून अशी दारू बनवली. पूद्र बी हे तिचे नाव. नोबेल तेव्हा पॅरिसला राहत आणि जवळच सेव्रानला त्यांची प्रयोगशाळा होती. १८८७ मध्ये त्यांनी बॅलिस्टाइट आणले : नायट्रोग्लिसरीन आणि विरघळणारे नायट्रोसेल्युलोज जवळपास समसमान आणि सोबत थोडा कापूर. आज जिला डबल बेस दारू म्हणतात, तिचे हे मूळ. नुसत्या नायट्रोसेल्युलोजची ती सिंगल बेस. काडतुसे भरणारे आजही डबा घेताना याच दोन प्रकारांतून निवड करतात.

कापूर घालण्यामागे विचार होता. त्याने जेली नीट जमते आणि दारू जरा शांतपणे जळते. पण मराठी घरात कुणालाही विचारा, देवघरातल्या डबीत कापराबरोबर मिरीचे दाणे का टाकतात. कापूर उडतो म्हणून. मिरीने तो किती थांबतो हे बाजूला ठेवू, पण अडचण आजीला ठाऊक होती आणि ब्रिटिश तज्ज्ञांच्याही ती लगेच लक्षात आली. बॅलिस्टाइटमधला कापूर साठवणुकीत हळूहळू उडून जाई. मग उरलेली दारू वेगळ्याच गतीने जळणार. आज शंभर यार्डांवर अचूक बसणारे काडतूस चार वर्षांनी, हिंदुस्थानातल्या एखाद्या उन्हाळ्यानंतर, तसेच बसेल याची खात्री नाही. सैन्याच्या दृष्टीने हा दोष क्षुल्लक नव्हता.

मित्रांशी कोर्टबाजी का झाली?

ब्रिटिश सरकारने १८८८ मध्ये स्फोटकांवर समिती नेमली. तिच्यात सर फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्युअर होते. एबल यांचा या विषयातला अधिकार मोठा. गनकॉटन लगदा करून धुतले की उरलेले आम्ल निघते आणि ते टिकते, हे त्यांनी १८६० च्या दशकात दाखवले होते. दारू गरम करून ती किती वेळात बिघडते हे पाहण्याची चाचणीही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. नोबेल यांचा दोघांशी परिचय होता. त्यांनी विश्वासाने बॅलिस्टाइटची माहिती आणि नमुने समितीला दिले. १८८९ मध्ये एबल आणि ड्युअर यांनी स्वतःच कॉर्डाइट नावाच्या दारूचे पेटंट घेतले. त्यात नायट्रोग्लिसरीन होते, नायट्रोसेल्युलोजही होते. फक्त ते न विरघळणाऱ्या जातीचे, अ‍ॅसिटोनच्या मदतीने जमवलेले. आणि कापराच्या जागी पाच टक्के व्हॅसलीन.

नोबेल यांच्या कंपनीचा खटला १८९४ मध्ये सुरू झाला आणि १८९५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये संपला. नोबेल यांच्या पेटंटमध्ये नायट्रोसेल्युलोजच्या आधी विरघळणारे हा शब्द होता. त्या एका विशेषणावर ते हरले. निकाल देणाऱ्यांपैकी एका न्यायाधीशाने मूळ शोधकाबद्दल उघड सहानुभूती दाखवली, पण कायद्याच्या भाषेपुढे तिचा उपयोग नव्हता. खर्चापेक्षा विश्वासघात त्यांना जास्त लागला. या प्रकरणावर विनोदी अंगाने एक नाटुकलेही त्यांनी लिहायला घेतले होते.

गंमत अशी, की व्हॅसलीन घातले होते ते बंदुकीच्या नळीला वंगण मिळावे म्हणून. गोळी सुटताना ते जळूनच जाते, त्यामुळे वंगणाचा हेतू फारसा साधला नाही. पण साठवणुकीत ते भलतेच कामाला आले. त्यातील काही घटक नायट्रोजनची ऑक्साइडे पकडून ठेवतात आणि व्याजाचे चक्र वाढूच देत नाहीत. एबल आणि ड्युअर यांच्या दारूला टिकाऊपणा मिळाला तो अशा अपघाताने. नोबेल यांच्या कापराने त्यांना दगा दिला, प्रतिस्पर्ध्यांच्या व्हॅसलीनने त्यांना तारले. या खटल्यात रसायनशास्त्र न्यायाच्या बाजूने उभे राहिले असे काही म्हणता येत नाही.

शेवटची वर्षे कशी गेली?

फ्रान्सनेही त्यांना सोडले नाही. त्या सरकारकडे स्वतःची पूद्र बी होती, त्यामुळे बॅलिस्टाइटचे हक्क १८८९ मध्ये नोबेल यांनी इटलीला दिले. लगेच हेरगिरीचा आरोप झाला, सेव्रानची प्रयोगशाळा बंद पडली. १८९१ मध्ये त्यांनी पॅरिस सोडले आणि इटलीच्या किनाऱ्यावर सान रेमोला घर केले. मधल्या काळात भाऊ लुडविग गेले, मग आई गेली. लग्न झालेले नव्हते. १८९४ मध्ये त्यांनी स्वीडनमधली बोफोर्स कंपनी घेतली. आपल्याकडे हे नाव पुढे शंभर वर्षांनी वेगळ्याच कारणाने घरोघरी पोहोचले. तेथे ते अखेरपर्यंत प्रयोग करत राहिले.

हृदयाचे दुखणे बळावले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना औषध म्हणून नायट्रोग्लिसरीन लिहून दिले. या योगायोगाची त्यांना स्वतःलाही मौज वाटली. १० डिसेंबर १८९६ रोजी सान रेमो येथे मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. त्याच्या वर्षभर आधी, २७ नोव्हेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये केलेल्या मृत्युपत्राने संपत्तीचा मोठा भाग पुरस्कारांसाठी ठेवला. मृत्यूच्या वेळी त्यांच्या नावावर ३५५ पेटंटे होती.

त्यांच्यानंतर उत्तर कोणी पूर्ण केले?

त्यासाठी आणखी माणसे मरावी लागली. १२ मार्च १९०७ रोजी फ्रान्सच्या तुलाँ बंदरात दुरुस्तीसाठी गोदीत असलेल्या इएना या युद्धनौकेचे दारूकोठार उडाले आणि शंभराहून अधिक जण ठार झाले. २५ सप्टेंबर १९११ रोजी त्याच बंदरात लिबर्ते या युद्धनौकेचे तेच झाले. दोन्ही वेळी बोट जुन्या पूद्र बीकडे दाखवले गेले. तिच्यात पुरेसा स्थिरकारी घटक नव्हता आणि जुना माल नव्यात मिसळून पुन्हा वापरण्याचीही सवय होती.

यानंतर डायफिनाइलअमीन सर्वत्र रुळले. हे रसायन दारूत साधारण एक टक्का असते आणि सुटणारी ऑक्साइडे स्वतःवर घेते. व्हॅसलीन जे नकळत करत होते, तेच हे हिशेबाने करते. पुढच्या बॅलिस्टाइटमध्येही तेच आले आणि कापूर मागे पडला. म्हणजे दारू किती टिकेल हा प्रश्न आता असा मांडता येतो : डब्यातला स्थिरकारी घटक किती शिल्लक आहे? तो संपेपर्यंत दारू सुरक्षित, संपल्यावर तिचा भरवसा नाही. सैन्ये प्रत्येक घाण्याचा नमुना बाजूला ठेवून वर्षानुवर्षे तपासतात. अमेरिकी लष्कराच्या एका जुन्या पद्धतीत नमुना ६५.५ अंशांवर ठेवून लालसर धूर कधी दिसतो याची वाट पाहिली जाई.

मग फडताळातल्या डब्याचे काय?

थंड, कोरड्या जागी मूळ डब्यात बंद राहिलेली आधुनिक दारू अनेक दशके चांगली राहते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन या अमेरिकी व्यापाऱ्याने लष्कराची शिल्लक दारू घाऊक विकत घेतली आणि नेमबाजांना किरकोळीत विकली. ती लोकांनी कित्येक वर्षे वापरली आणि आजही हॉजडन हे या धंद्यातले मोठे नाव आहे. उलट पत्र्याच्या छपराखाली किंवा मोटारीच्या डिकीत ठेवलेला नवा डबाही भरवशाचा नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की विघटनाचा वेग दुपटीहून अधिक होतो. वीस अंशांचा फरक म्हणजे चौपटीच्या पुढे. त्यामुळे वयापेक्षा डब्याने किती उन्हाळे कुठे काढले, हे विचारायला हवे.

बिघाड ओळखता येतो. चांगल्या दारूला ईथर-अल्कोहोलसारखा हलका वास असतो. बिघडलेली दारू नाकाला झोंबणारा, आम्लासारखा वास मारते. झाकण उघडताच तांबूस वाफ दिसली, दाण्यांवर गंजाच्या रंगाची धूळ बसली किंवा डब्याचे पत्रे आतून खाल्लेले दिसले, तर ती वापरायची नाही आणि ठेवायचीही नाही. चांगल्या दारूत मिसळून खपवणे हे तर इएनाच्या चुकीचेच घरगुती रूप. भरलेल्या जुन्या काडतुसात गोळीच्या कडेने हिरवट डाग आले असतील, तर आतली दारू पितळ खात आहे असे समजावे. आणि सारे ठीक दिसत असेल तरी डब्यावरचे लेबल गेले असेल तर तो डबा बाद. कुठली दारू आहे हे अंदाजाने ठरवणाऱ्यांची बोटे जातात.

टोपीची गोष्ट जरा वेगळी. नोबेल यांच्या काळातले मर्क्युरी फुल्मिनेट उष्णतेत काही वर्षांत मंद पडे, शिवाय त्यातला पारा पितळ ठिसूळ करी. विसाव्या शतकात त्याची जागा लेड स्टिफ्नेटने घेतली, जे कितीतरी अधिक स्थिर आहे. आजची टोपी कोरडी ठेवली तर दशके टिकते. तिला भीती ओल आणि तेलाची. म्हणून मूळ खोक्यातूनच वापरावी, बाटलीत ओतून ठेवू नये. एकमेकांवर घासून सगळ्या एकदम उडू शकतात. शिसाच्या गोळीला तर मुदतच नाही, फार तर वरून पांढरी पूड धरते.

पितळी नळीचा भारताशी काय संबंध?

या सगळ्यात ज्याला कोणी दोष देणार नाही ते पितळच आपल्याकडे फसले. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेला दिसले, की पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेल्या काडतुसांना आपोआप तडे जातात. दारू ठीक, टोपी ठीक, नळी मात्र चिरलेली. ऋतूशी जोडलेला म्हणून या दोषाला सीझन क्रॅकिंग म्हणू लागले. १९२१ मध्ये संशोधकांनी कारण स्पष्ट केले : घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतील ओल आणि नळी ओढून बनवताना पितळात राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की तडा जातो. उपाय सोपा होता. शेवटी नळी हलकी तापवून ताण काढून टाकायचा. लष्करी काडतुसाच्या तोंडाजवळ निळसर-तपकिरी झाक दिसते ती याच तापवण्याची. अमोनिया असलेल्या द्रावणाने जुन्या नळ्या चकचकीत करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे.

भारतात नियम काय सांगतात?

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवणे किंवा भरणे गुन्हा आहे. त्यामुळे अमेरिकेतला हा छंद इथे घरोघरी नाही. प्रश्न येतो तो वारसाने आलेल्या बारा बोअर बंदुकीबरोबर सापडलेल्या, आजोबांच्या काळातील काडतुसांच्या डब्याचा. ती वाजवून पाहू नयेत, फोडू नयेत, रद्दीत किंवा विहिरीत टाकू नयेत. स्थानिक पोलीस ठाण्याला कळवून परवान्याच्या नोंदीनुसार ती जमा करावीत.

स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे. रॉकेट आणि तोफांच्या प्रोपेलंटवर संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा पुण्यात आहे, तर भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत प्रोपेलंट तयार होतात. नीलगिरीत अरुवंकाडू येथे विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिशांनी उभारलेला कारखाना आजही कॉर्डाइट फॅक्टरी याच नावाने ओळखला जातो. ज्या दारूने नोबेल यांना कोर्टात हरवले, तिचेच हे नाव.